फांदीचं वजन

तो माणूस टॅक्सीत चढला तेव्हा माझ्या मनात आलं, याचे बूट फार नवे आहेत. हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली रानबोरीची फांदी, अंगात इस्त्रीचा कोट, साठीच्या पुढचं वय, आणि पायात करकरीत बूट. डरबनच्या टॅक्सीतळावर, जिथून पंधरा जणांच्या गाड्या गावोगाव सुटतात, गुरुवारी सकाळी फांदी घेतलेला माणूस दिसणं यात विशेष काही नाही. कुणी इस्पितळात गेलेलं असतं, कुणी हमरस्त्यावर, कुणी खाणीत. जिथे जीव गेला तिथे जायचं, नावाने हाक मारायची, फांदीवर घ्यायचं आणि घरी न्यायचं. नाहीतर ते माणूस तिथेच भटकत राहतं आणि घरच्यांना स्वस्थता लाभू देत नाही. फांदी आणणाऱ्याशी वाटेत कुणी बोलत नाही, तोही कुणाशी बोलत नाही, फक्त फांदीशी बोलतो. त्याने दोन जागांचं भाडं पुढे दिलं, माझ्या शेजारच्या जागेवर फांदी उभी टेकवली आणि तिच्या पलीकडे स्वतः बसला. म्हणजे माझ्या आणि त्याच्या मधे एक मेलेला माणूस बसला होता. त्याचंही मला काही वाटलं नाही. खटकलं ते एवढंच, की तो एकटा होता. फांदीवाल्यासोबत नेहमी दुसरा कुणीतरी असतो, त्याच्या वतीने बोलायला, रस्ता विचारायला, पोलिसांनी अडवलं तर सांगायला. एकट्याने फांदी नेणारा माणूस मी सत्तावन्न वर्षांत पाहिला नव्हता.

"आजोबांना पट्टा लावलात ना?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. "पुढे पोलीस उभे आहेत. ते जिवंत-मेलेलं बघत नाहीत."

मागे चारदोन जण हसले. त्या माणसाने फांदीवरून पट्टा ओढून घेतला आणि माझ्या बाजूला असलेल्या खाचेत तो बसवण्यासाठी वाकला. तेव्हा त्याच्या कोटाला धुराचा वास आला, लाकडाच्या नाही, कोळशाच्या. मी गुडघे बाजूला घेतले.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी जुन्या कागदांच्या दप्तरात काम करते. कुठल्याही गावात प्रमुखपदावरून भांडण लागलं, की दोन्हीकडची माणसं आपापली वंशावळ घेऊन आमच्या लाकडी बाकावर येऊन बसतात आणि मी ती तपासते. मिशनऱ्यांच्या वह्या, न्यायाधीशांची टिपणं, कुणा म्हाताऱ्याने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेली हकिगत. तीस वर्षं हेच. या तीस वर्षांत ज्याचा पणजोबा राजाच्या डाव्या-उजव्या हाताला उभा नव्हता असा एकही झुलू माणूस माझ्यासमोर आलेला नाही. गोऱ्यांच्या फौजेने उलुंडीला राजाचं गाव जाळलं तेव्हा सगळ्यांचेच पणजोबा शेवटपर्यंत लढले. गोऱ्यांनी राज्याचे तेरा तुकडे केले ते कुणी मुकाट्याने घेतले, कुणास ठाऊक. चार वर्षांनी आपलीच माणसं आपल्याच माणसांवर चालून आली आणि राजा जखमी होऊन जंगलात गेला, त्या दिवशीही म्हणे कुणाचा पणजोबा पळाला नाही. मग एवढी पळापळ झाली कुणाची? मी हे बोलून दाखवत नाही. मी फक्त कागद परत करते आणि म्हणते, पुरावा आणा. दप्तरात मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणतात, झिबुयिलेबाई आपल्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल.

आणि तरी मार्च महिन्यात मी एका कागदावर पुराव्याशिवाय सही केली होती. 'दिलिकाना सिबिया, थुल्वाना पलटण, मृत्यू उलुंडी, राजाच्या दारात, ४ जुलै १८७९.' हा माझा स्वतःचा पणजोबा. माझा भाऊ भेकुमुझी येत्या शनिवारी आमच्या डोंगराचा इंदुना, म्हणजे गावप्रमुख होणार होता. राजवाड्याचा माणूस येऊन नेमणूक वाचून दाखवणार होता, दोन बैल ठरले होते, तंबू ठरला होता. आमच्याकडे ही जागा राजाच्या दारात मेलेल्याच्या घराण्यातच राहते. टेकडीपलीकडच्या घराण्याचं म्हणणं, तो मान त्यांचा आहे, सिबियांचा म्हातारा तिथे मेला कशावरून? भेकुमुझी फोनवर म्हणाला होता, "ताई, तुझ्या सहीवर कोण शंका घेणार?" मी सही केली. दुसऱ्या कुणी असा कागद आणला असता तर मी त्याला बाकावरून उठवलं असतं.

टॅक्सी उम्गेनीच्या पुलावर आली. शेजारचा माणूस फांदीकडे झुकला आणि हळू, पण स्वच्छ आवाजात म्हणाला, "दिलिकाना, नदी आली. उम्गेनी. आपण ओलांडतोय. सोकानाच्या पोरा, भेजानाच्या थोरल्या भावा, सांभाळून ये."

मी खिडकीबाहेर पाहत होते. पाणी तपकिरी होतं, कडेला प्लास्टिकच्या बाटल्या साचल्या होत्या, एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून शर्ट धूत होता. हे सगळं मला दिसत होतं आणि मी ती तीन नावं मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. दिलिकाना नावाची माणसं असतील. पण सोकानाचा मुलगा, भेजानाचा भाऊ, असा दिलिकाना एकच. तो माझा. त्याला फांदीवर घालून घरी आणून चौतीस वर्षं झाली होती. मी स्वतः सोबत होते.

"कोण तुम्ही?" मी म्हणाले.

तो समोर पाहत राहिला.

"मी तुम्हाला विचारते आहे. ही फांदी कुणाची?"

"अहो बाई," मागच्या रांगेतून एक जाडजूड बाई म्हणाल्या, त्यांच्या मांडीवर झाकण लावलेली बादली होती, "शहरात राहून सगळं धुऊन गेलं वाटतं. त्यांना बोलता येत नाही. तुम्ही बोलायला लावाल आणि आजोबा इथेच हायवेवर उतरून बसतील. मग कोण जाईल आणायला, तुम्ही?"

"राहू द्या आई," ड्रायव्हर म्हणाला. "दप्तरात काम करत असतील."

पुन्हा हसणं झालं. मी तोंड मिटलं, पण डोकं कुठे मिटतं. टेकडीपलीकडच्यांनी धाडला आहे, हे मला दोन मिनिटांत पटलं. शनिवार दोन दिवसांवर, आणि आज गुरुवारी हा नव्या बुटांचा माणूस माझ्याच टॅक्सीत, माझ्याच रांगेत. बूट कुणी घेऊन दिले? कोट कुणाचा? कोळशाचा वास कसला? मी भेकुमुझीला फोनवरून लिहिलं, घरी कुणी पाहुणे येणार आहेत का. त्याचं उत्तर आलं, फक्त तंबूवाला, तोही उशीर करतोय.

मग तो माणूस फांदीला म्हणाला, "दिलिकाना, शेजारी एक बाई बसल्या आहेत. विचारतात मी कोण. तूच सांग त्यांना. सांग, मी एल्फास शांगे, तुझ्या नातवाचा मुलगा. सांग, शांगे हे नाव तू नदीपलीकडे गेल्यावर घेतलंस, ते आमचं नव्हतं, तुझंही नव्हतं. आणि मी एकटा आहे कारण सोबत यायला कुणी उरलेलं नाही." मग त्याने रुमालाने आपल्या बाजूच्या काचेवरची वाफ पुसून फांदीला बाहेरचं दिसेल असं केलं.

नातवाचा मुलगा. मी मनात मोजलं, ती खोडच आहे. चार पिढ्या, बरोबर बसतात. पण बरोबर बसणाऱ्या गोष्टींवर मी सगळ्यात आधी संशय घेते. खरी वंशावळ कुठेतरी अडते, कुठेतरी एक बाई दोनदा मरते, एक मूल बापाच्या आधी जन्मतं. आमचीही अडते. पणजोबा १८७९ साली गेले आणि माझे आजोबा मालुसी जन्मले १८८४ साली. यात लपवण्यासारखं काही नाही. मोठा भाऊ गेला, मूल नव्हतं, तेव्हा धाकट्या भेजानाने वहिनीच्या झोपडीत जाऊन भावाचं घर उभं केलं. आमच्यात ते कर्तव्य असतं. मूल मेलेल्याचं, नाव मेलेल्याचं, गुरं मेलेल्याची. हे मी कितीतरी जणांच्या कागदांवर लिहिलं आहे आणि कधी हात अडखळला नाही. अट एकच, की मेलेला माणूस मेलेला पाहिजे. तो जर नदीपलीकडे जिवंत असेल, नवं नाव घेऊन, नवी पोरं काढत असेल, तर मग भेजाना भावाचं घर उभं करत नव्हता. मग तो भावाच्या बायकोपाशी जात होता, आणि आजोबा मालुसी कुणाचेच नव्हते, आणि बाबा, आणि मी, आणि भेकुमुझी. मी पिशवीतून लिंबू काढून हुंगलं.

थुकेलाचा पूल लांब आहे. पूर्वी ही नदी म्हणजे राज्याची वेस होती. अलीकडे गोऱ्यांचं राज्य, पलीकडे राजाचं. एल्फास म्हणाला, "दिलिकाना, थुकेला. तू आलास तेव्हा इकडे पूल नव्हता. तू कमरेत भाल्याएवढं भोक घेऊन, पोहणाऱ्या बैलाचं शेपूट धरून आलास. आज बसून चाललायस. बघ." मागच्या बाईंनी बादलीवर हात ठेवून मान खाली घातली.

मला बाबा आठवले, १९७९ सालचे. लढाईला शंभर वर्षं झाली म्हणून सगळीकडे भाषणं होती, आणि बाबांनी ठरवलं की आता त्यांच्या आजोबांना, दिलिकानाला, आणायचंच. मी तेवीस वर्षांची. त्यांच्या वतीने बोलायला मी सोबत. राजाच्या जळलेल्या गावाची जागा तेव्हा नुसती माळ होती, कोरफडी आणि काटे. आगीत झोपड्यांची जमीन भाजून विटेसारखी कडक झाली आहे, ती अजून तशीच आहे, पायाला लागते. बाबांनी फांदी जमिनीवर फिरवली आणि हाक मारली. दोनदा, तीनदा. मग म्हणाले, चल. परत येताना वाटेत ते दोन वेळा खाली बसले. फांदी मांडीवर घेऊन तिच्याकडे पाहत बसले, लांबून आणलेली वस्तू फुटली आहे की काय असं पाहावं तसे. मी म्हटलं, बाबा, पाय दुखतात का? त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. घरी बोकड कापला, फांदी झोपडीच्या मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी, ठेवली, आणि त्यानंतर त्या दिवसाबद्दल बाबा कधीच बोलले नाहीत. एरवी ते सगळ्याबद्दल बोलतात.

एशोवेला टॅक्सी थांबली. बारीक पाऊस लागला होता. सगळे पाय मोकळे करायला उतरले, एल्फासही फांदी घेऊन उतरला आणि उघड्यावरच उभा राहिला, छपराखाली आला नाही. बादलीवाल्या बाई दोन तळलेले पिठाचे गोळे घेऊन आल्या. एक त्यांनी त्याच्या हातात दिला, दुसरा कागदावर ठेवून फांदीच्या जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ओळखता त्यांना. म्हणजे आजोबांना."

"नाही," मी म्हणाले.

"मग रडता कशाला?"

"पाऊस आहे," मी म्हणाले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

टॅक्सी डोंगर चढू लागली. उसाचे मळे मागे पडले. मला एक युक्ती सुचली, अशी की जिच्यापुढे खोटा माणूस टिकत नाही. आमच्यात प्रत्येक पूर्वजाची स्वतःची प्रशस्ती असते, घराबाहेर ती कुणाला पूर्ण येत नाही. मी खिडकीकडे तोंड करून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखी, सुरुवात केली. "सोकानाचा काळा खोंड, ज्याच्या शिंगांनी दार अडलं. राजाने हाक मारली तेव्हा ज्याची ढाल आधीच हातात होती." आणि थांबले. इथे थांबायचंच असतं. आजोबा मालुसी इथे थांबत, तपकिरीची डबी काढत, एक चिमूट ओढत, आणि मग पुढे म्हणत. बाबाही इथेच तपकीर ओढतात. भेकुमुझी शाळेचा हेडमास्तर होता, त्याला तपकीर सोसत नाही, पण तोही इथे खिशात हात घालून थांबतो आणि मग हात रिकामाच बाहेर काढतो. आम्हाला वाटतं प्रशस्तीच तशी आहे. मी तेवढी थांबले आणि पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधी एल्फास बोलला. फांदीलाच, माझ्याकडे न पाहता. "आपल्याच फाटकाशी येऊन आपल्याच कुत्र्याला गप्प करणारा."

आणि मग आम्ही दोघांनी एकदम म्हटलं, "ज्याची माणसं त्याला धुरावरून ओळखतात."

तीच चाल, तोच श्वास. ती ओळ त्या थांबण्यात बसत होती, चिमूटभर तपकिरीएवढीच लांब. दप्तरात अशा वेळी मी म्हणते, हे कुणीही ऐकून रचू शकेल. थांबणं ऐकायचं आणि त्यात मावेल अशी ओळ घडवायची. हुशार माणसाला अवघड नाही. टेकडीपलीकडे हुशार माणसं आहेत. मी स्वतःला हे सगळं सांगितलं, आणि एकीकडे मला आजोबांची बोटं दिसत होती, डबीच्या झाकणावर थरथरणारी. लहानपणी मी समजायचे म्हातारपणाने थरथरतात. आजोबांना ती ओळ येत होती. ती त्यांना कुणीतरी शिकवली होती, आणि मग ती गिळायलाही शिकवलं होतं.

मेल्मोथ मागे पडल्यावर रस्ता खाली म्फोलोझी नदीकडे उतरायला लागतो. टॅक्सीत अर्धेअधिक लोक पेंगत होते. एल्फास आता फांदीशी अखंड बोलत होता, आणि मला माहीत होतं की तो माझ्याशी बोलतो आहे. "इथून तू चालत आला होतास, दिलिकाना. जखम भरायला आणि धीर यायला पाच वर्षं लागली. राजाही तोवर गेला होता, देशात घरोघर जळत होतं, तुला वाटलं आता आपलीच माणसं बघू. संध्याकाळ होती. घरावर धूर होता, त्यावरून तू ओळखलंस की आत तुझीच बायको चुलीशी आहे. तू फाटकाशी आलास. कुत्रा भुंकला, तू त्याला नावाने गप्प केलंस, तो गप्प झाला. आणि ती बाहेर आली, पाण्याचं मडकं घेऊन. तिला दिवस गेले होते, सातवा-आठवा महिना. तिने तुला पाहिलं. तू माझ्या आजोबांना सांगितलंस, आजोबांनी माझ्या वडिलांना, वडिलांनी मला. तू म्हणालास, मी तिथे उभा राहून हिशेब केला. मी आत पाऊल टाकलं तर मी जिवंत, आणि मी जिवंत तर ते पोर पापाचं. भाऊ चोर, बायको छिनाल, पोर बिनबापाचं. मी मेलेला राहिलो तर ते पोर माझं. मला त्या वेळी एकही पोर नव्हतं, तू म्हणालास. मग तू मेलेलाच राहिलास, आणि मुलगा झाला."

त्याने फांदीवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाला, "पुढे तुला आम्ही झालो, पण तू आमच्यात कधी पुरता आला नाहीस. बंदरावरच्या कोळशाच्या आवारात राखण करायचास, तिथेच गेलास. आता तिथे आगबोटींवरच्या मालाचे लोखंडी डबे रचलेले असतात. आम्ही त्याच आवारात पिढ्यान्‌पिढ्या कोळसा उपसला. आता माझ्यानंतर तुझ्याशी बोलायला कुणी नाही. म्हणून जिथे माणसं आहेत तिथे तुला सोडतो. त्या माणसांनी नाही घेतलं, तर मला पुढचं ठाऊक नाही."

मी पुरावे मोजत बसले. एका मेलेल्याच्या तोंडचं, तिसऱ्याने सांगितलेलं. लेखी काही नाही. तारखा जुळतात, पण तारखा माझ्याच कागदातून मिळू शकतात. बूट नवे, कारण माणूस पूर्वजाला घरी नेताना नवे बूट घेतो, माझ्याही बाबांनी घेतले होते, हे मला आत्ता आठवत होतं. सगळ्यात वाईट हे, की गोष्ट मला हवी होती. ती खरी असेल तर आम्ही पापाचे नव्हतो. त्याने स्वतः फाटकाबाहेर उभं राहून आम्हाला आपलं केलं होतं. जी गोष्ट आपल्याला हवी असते तिच्यावर सगळ्यात जास्त संशय घ्यावा, हे मी नव्या कारकुनांना शिकवते. पण ती खरी असेल तर माझी सही खोटी. 'मृत्यू उलुंडी, राजाच्या दारात.' आणि भेकुमुझीचा शनिवार गेला. टेकडीपलीकडचे म्हणतील, पळालेल्याच्या वंशजांनो, खाली बसा. राजा जंगलात गेला की तो इतिहास होतो, आणि आमचा म्हातारा नदीत उतरला की ते पळणं.

माहलाबाथिनीच्या वळणावर आम्ही दोघंच उतरलो. खरं म्हणजे तिघं. बादलीवाल्या बाईंनी माझी पिशवी खाली दिली आणि मला म्हणाल्या, "तुमचंच घर आहे ना? मला पुलावरच कळलं." ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी पुढे, तो मागे, चढ चढायला वीस मिनिटं लागतात. ढग फाटले होते आणि तिरपं ऊन आलं होतं. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या नव्या बुटांचा आवाज येत होता, एक पाय तो जरा ओढत होता.

घराशी तंबू उभा राहिला होता, पांढरा, लग्नाचा असतो तसा. चुलीवर शनिवारच्या ज्वारीच्या दारूचं पीठ शिजत होतं, धूर सरळ वर चालला होता. कुत्रा भुंकत फाटकाकडे धावला. त्याच्यामागून भेकुमुझी आला, नव्या शर्टात, हातात तंबूची दोरी. त्याने मला पाहिलं, मग माझ्यामागे, मग फांदीकडे.

"हा कोण?"

"दिलिकाना," मी म्हणाले.

"दिलिकाना आत आहे. चौतीस वर्षं आत आहे."

मी त्याला सांगितलं, जेवढ्या कमी शब्दांत सांगता येईल तेवढ्या. त्याने दोरी खाली टाकली. तो चिडला की शाळेतल्यासारखा हळू बोलतो. "ताई, तू पुराव्याशिवाय माणसांना बाकावरून उठवतेस. आणि आज रस्त्यावरचा एक म्हातारा काठी घेऊन येतो, आणि तू त्याला घेऊन येतेस? शनिवारच्या आधी? हे कुणी पाठवलंय ते तुला कळत नाही?"

"मलाही तेच वाटत होतं."

"मग?"

"अजूनही थोडं वाटतंय."

"तर त्याला सांग, रविवारी ये. फांदी त्या झाडात ठेव, दोन दिवसांनी बघू. एकशे तीस वर्षं थांबला, दोन दिवस थांबेल. बाबांना यातलं काही कळता कामा नये."

एल्फास फाटकाबाहेर उभा होता. एवढं सगळं त्याच्यासमोर चाललं होतं आणि तो एक शब्द बोलू शकत नव्हता. त्याने फक्त फांदी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि ओढत्या पायावरचा भार काढला. तो परत फिरेल, मला वाटलं. आमच्या फाटकाशी असंच होतं.

"काय कळता कामा नये?" बाबा म्हणाले. गुरांच्या कुंपणाशी त्यांची खुर्ची असते, तिथून ते काठी टेकत आले होते. त्यांना आता माणूस दिसत नाही, नुसता उजेड-अंधार दिसतो. "कोण आलंय? कुत्रा एवढा का भुंकतोय?"

"कुणी नाही, बाबा, तंबूवाला," भेकुमुझी म्हणाला.

बाबांनी नाक वर केलं. "ओल्या बोरीचा वास येतोय. फांदी आहे." त्यांनी डबी चाचपली, पण काढली नाही. "त्या वर्षी मी जी आणली," ते म्हणाले, "ती रिकामी होती. मी हाक मारली, कुणी आलं नाही. मी तीनदा मारली. वाटेत दोनदा बसून पाहिलं, काही नव्हतं, नुसती काठी. घरी सगळे वाट बघत होते, बोकड बांधलेला होता. मी काय करणार होतो? ठेवली भिंतीशी." त्यांचे ओठ वाकडे झाले. "चौतीस वर्षं मी एका काठीशी बोलतोय. तुम्हाला वाटतं म्हातारा देवभोळा आहे."

भेकुमुझीने माझ्याकडे पाहिलं. तो बावन्न वर्षांचा आहे, आणि त्या क्षणी लहान दिसत होता. मला त्याची फार कीव आली. शनिवारी राजवाड्याच्या माणसासमोर उभं राहून माझा कागद मला मागे घ्यावा लागणार होता, आणि ते मी करणार होते, हे मला तेव्हाच कळलं. त्याला कळायला आणखी थोडा वेळ लागला. मग त्याने वाकून दोरी उचलली आणि वाटेतून बाजूला झाला.

कुत्रा अजून भुंकत होता. "गप," मी म्हणाले. तो गप्प झाला. मी फाटकाची कडी काढली आणि दिलिकानाची प्रशस्ती म्हटली, घरासमोर म्हणतात तशी, मोठ्याने. खोंड म्हटला, ढाल म्हटली. मग थांबायच्या जागी थांबले नाही, ती ओळ म्हटली. बाबांच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही. बाबा पुढे झाले, दोन्ही हात समोर पसरून, आणि एल्फासने फाटकाच्या आत एक पाऊल टाकून फांदी त्यांच्या हातांवर ठेवली.

बाबा वाकले. "धर," ते मला म्हणाले, "मला एकट्याला नाही पेलणार."

मी हात लावला. काटे तळव्यात रुतले. फांदी जड होती, वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड. एशोवेला पाऊस झाला होता, आणि भिजलेलं लाकूड जड होतं, हे मला ठाऊक आहे. तरी मी दुसरा हात लावला.